ओसरीवरची त्रेचाळीस लग्नं

वेलाचेरी, चेन्नई
२ सप्टेंबर

ती. सौ. रत्नप्रभाअक्काच्या पायांवर डोकं (केस उरलेले नाहीत, तेव्हा थेट डोकंच), आणि तिच्या पलीकडे लाल पेन उघडून बसलेल्या ती. दाजींना दोन पावलं मागे सरून नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? तुझा यश सांगत होता की जिना चढताना तू हल्ली पायरीगणिक एकेका नातेवाइकाचा उद्धार करतेस आणि सातव्या पायरीला माझा नंबर लागतो. (खालच्या सहा पायऱ्यांवर कोण आहेत ते सवडीने कळव. आपल्या घराण्यात माझ्या पुढे सहाजण असतील असं मला वाटलं नव्हतं.) दाजींची साखर आटोक्यात असेलच, निवृत्त मुख्याध्यापकाच्या रक्तात विनापरवाना कोण कशाला जाईल? आमच्याकडे सगळं ठीक. म्हणजे हिची पाठ, माझं पित्त आणि चेन्नईचा उकाडा या तिघांची प्रकृती उत्तम आहे, आम्हीच काय ते मध्येमध्ये येतो.

आता पत्र का, तर तुझ्या फोनवर मला सहा वर्षं प्रवेशबंदी आहे. परवा बळ एकवटून पुन्हा लावून पाहिला, तर त्यातल्या बाईने इतक्या थंड आवाजात नकार दिला की क्षणभर वाटलं तूच बोलतेस. पोस्टमनला मात्र ब्लॉक करता येत नाही. तेवढी एक सोय इंग्रजांनी या देशात ठेवली आहे.

निधीचं लग्न ठरल्याचं यशने सांगितलंच असेल. दहा तारखेला आहे, मैलापुरात. मुलगा प्राणेश, इथलाच, तंजावरकडच्या मराठी घराण्यातला. या मंडळींचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी मराठी बोलत इकडे आले आणि परत जाऊन ती बदलून आणायला त्यांना सवड झाली नाही. त्यामुळे त्याचे वडील कृष्णस्वामी राव मला फोनवर ‘आपण क्षेम असां ना?’ असं विचारतात आणि मी बिचारा ‘ओके, ओके’ म्हणतो. माणसं सोन्यासारखी. लग्न अगदी छोटं करायचं ठरलं आहे, आपल्याकडून अकरा माणसं, एका टेम्पोत बसतील एवढी. तेव्हा अक्का, तू मुळीच दगदग करून येऊ नकोस. मिरजेहून बंगळूरला गाडी बदला, तिथे फलाटाचे जिने चढा, वर हा उकाडा. अक्षता पाकिटातून पाठव, मी तुझ्या नावाने टाकीन. निधी मात्र हट्टाला पेटली आहे. परवा ताटातली भाजी चिवडत म्हणाली, ‘बाबा, प्राणेशची आत्या त्याच्या लग्नाचे लाडू वळते आहे. माझी आत्या कुठे आहे?’ मी म्हटलं, तिचे गुडघे दुखतात. ती म्हणाली, ‘गुडघे नाही, बाबा, तुमची जीभ.’ (ही मुलगी बोलायला कोणावर गेली आहे, देव जाणे.)

तो विषय मी काढणार नव्हतो, पण निघालाच आहे तर निघू दे. यशच्या लग्नात पंगतीला लाडू वाढत आणले, मी एक उचलला, दाढेखाली धरला, आणि म्हटलं की यजमानांनी पानाच्या उजव्या बाजूला अडकित्ता वाढायला हवा होता. पंगत हसली. दाजीही हसले, हे मी स्वतः पाहिलं आहे. मग त्यांना आठवलं की ते लाडू त्यांच्या धाकट्या भगिनींनी तीन दिवस खपून घरी केले आहेत, आणि त्यांचं हसू जे गेलं ते सहा वर्षं परत आलेलं नाही. माझी काय चूक? त्या स्वतः जिलबी वाढायला माझ्या मागेच उभ्या होत्या हे मला कोणी सांगितलं होतं? असो. इथेही लाडूच आडवे आले आहेत. माझ्या कुंडलीत शनिमंगळ राहिले बाजूला, लाडूच कुठल्यातरी वाईट घरात बसला असावा.

या प्राणेशच्या आत्याबाई म्हणजे कनकाबाई. मैलापूरच्या देवळाच्या तळ्यामागे एक गल्ली आहे, तिथे त्यांचं लग्नाच्या फराळाचं घर. इथे पद्धत अशी की मुलीकडच्यांनी मुलाकडे ताटं भरून फराळ द्यायचा, त्याला सीर म्हणतात. लाडू एकशे एक, सात वेढ्यांचे मुरुक्कू (म्हणजे चकल्याच) एक्कावन्न, अदिरसम (आपल्या अनारशाचा सावळा चुलतभाऊ) एक्कावन्न, सगळं विषम संख्येत, कारण सम संख्या आली की दोघांत वाटून वेगळं होता येतं. चौतीस वर्षं या बाई हळदीची बोटं उमटलेल्या एका लांबोडक्या वहीत ऑर्डरी लिहीत आल्या. साखरपुड्याच्या दिवशी ती वही मला कौतुकाने दाखवली, आणि माझ्या तोंडून, सगळ्या व्याह्यांसमोर, निघून गेलं की ही वही संग्रहालयात द्या, कदाचित पानांत एखादा ताम्रपटही निघेल. कोणी हसलं नाही. कनकाबाईंनी वही मिटली, मांडीवर ठेवली आणि शांतपणे म्हणाल्या, ‘सरी. मग राव, कंप्यूटर तुम्हींच करून द्यावा. आवणी महिन्याची पहिली आर्डर त्यांतच लिहूं. तुमच्या लेकीची.’ (सरी म्हणजे बरं, आणि इथले राव म्हणजे मी.)

अक्का, ज्या माणसाने गिंडीच्या कारखान्यात अकरा वर्षं पिस्टनच्या ऑर्डरींचा संगणक सांभाळला त्याला लाडू काय जड, असं मला वाटलं. तिथे माझ्या हाताखालून दिवसाला सहाशे ऑर्डरी जातात. (जातात म्हणजे एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातात, आणि प्रत्येक टेबलाशी एक माणूस ही ऑर्डर आपली नाही हे सिद्ध करायला पगारावर बसवलेला असतो.) शिवाय वेळही होता. आडी महिन्यात इकडे लग्नं होत नाहीत, म्हणून जुलैच्या मध्यापासून महिनाभर कनकाबाईंच्या चुली अर्ध्या थंड असतात. दर शनिवारी मी वेलाचेरीहून गाडी पकडून मैलापूरला जायचो, त्या झोपाळ्यावर, मी खाली सतरंजीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन, मुंजीतल्या बटूसारखा.

आमच्या धंद्यात पहिला नियम असा की आधी काम कसं चालतं ते विचारून घ्यायचं. मी विचारलं, ऑर्डर आली की प्रथम काय होतं? त्या म्हणाल्या, प्रथम काफी होते. मी चौकोन काढून त्यात ‘कॉफी’ लिहिलं. मग? मग माणसं रडतात, मुलगी सासरीं जाणार म्हणून. मग? मग मी सांगतें काय हवें तें. मी म्हटलं, गिऱ्हाईक सांगतं ना? ‘अय्यो, त्यांस काय कळतें? त्यांचें पहिलेंच लग्न.’ असे दोन शनिवार मी चौकोन काढले आणि चौकोनांतून बाण काढले, ते सगळे कनकाबाईंकडे गेले, एकही परत फिरला नाही. शेवटी चित्राकडे पाहिलं तर मधोमध एक झोपाळा आणि भोवती साळिंदराची पाठ.

तरी मी हरलो नाही. मी त्यांना म्हटलं, तुमचे नियम सांगा, मी एकेक नियम यंत्रात घालतो. आणि त्यांनी सांगितले. हे शब्द दाजींनी लाल पेनाने अधोरेखित करावेत, कारण पुढची सगळी दुर्दशा नियम मोडल्यामुळे झालेली नाही, पाळल्यामुळे झाली आहे.

पहिला नियम राहुकाळाचा. इकडे रोज दीड तास राहुकाळ असतो, वारागणिक वेगळ्या वेळी, आणि त्यात शुभ काम सुरू करायचं नाही. गिऱ्हाईक राहुकाळात आलं तर त्याला हाकलतही नाहीत. ओसरीवर बसवतात, ताक देतात, आणि वेळ टळली की आत घेऊन मग ऑर्डर लिहितात. म्हणजे यंत्रानेही तसंच केलं पाहिजे. मी मोठ्या हौसेने यंत्राला एक ओसरी बांधून दिली. राहुकाळात लिहिलेली ऑर्डर तिथे गुपचूप बसेल, पडद्यावर दिसणार नाही (दिसली म्हणजे लिहिलीच की, असं बाईंचं म्हणणं), आणि काळ संपला की आपोआप आत येईल. त्या दिवशी मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की येताना मी अर्धा किलो जाईची फुलं घेऊन आलो. हिने विचारलं, कोणाची जयंती आहे?

दुसरा नियम सारख्या दिसणाऱ्या ऑर्डरींचा. पिस्टनमध्ये एकच ऑर्डर दोनदा आली की यंत्र दुसरी अडवतं. कनकाबाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले. बारा वर्षांपूर्वी एका घरच्या दोन जुळ्या मुलींची लग्नं एकाच मांडवात, एकाच मुहूर्ताला होती. बापाचं नाव एक, पत्ता एक, तारीख एक. त्या दिवशी बाईंऐवजी वही लिहिणाऱ्या एका हुशार माणसाने एक ऑर्डर चुकून दोनदा लिहिली समजून खोडली, आणि मांडवात एका जावयासमोर अकरा ताटं नि दुसऱ्यासमोर पाणी. ते व्याही अजून कनकाबाई दिसल्या की रस्ता बदलतात. तेव्हा यंत्राने शहाणपणा करूं नये, जितकी येतील तितकी घ्यावी. मी म्हटलं, सरी.

तिसरा नियम, रद्द हे अक्षर नको. लग्नाच्या घरी लग्न रद्द करण्याचं बटण ठेवायचं म्हणजे मांडवाच्या दारात कोयता टांगण्यापैकी. मी विचारलं, आणि लग्न खरंच मोडलं तर? म्हणाल्या, चौतीस वर्षांत एकदा मोडलं होतं. त्या मुलीचं त्याच मुहूर्तावर दुसऱ्या मुलाशी लावलं. लाडू तेच, ताटं तीच, वरची नावाची चिठ्ठी तेवढी बदलली. आता दोन मुलं आहेत. मी ते बटण काढून टाकलं.

चौथा नियम खिळ्याचा. ऑर्डर पक्की झाली की यंत्राने चिठ्ठी छापायची, ती आत स्वयंपाकघरात खिळ्याला लागणार, आणि खिळ्याला लागलेली लग्नाची चिठ्ठी अक्षता पडेपर्यंत खाली उतरत नाही. आत सोवळं असतं. तिथे फक्त सुब्बा, म्हणजे त्यांचा मुख्य आचारी, आणि त्याचे चार सोवळे गडी. मला उंबऱ्यापर्यंत प्रवेश. तेव्हा आत काय चाललं आहे ते कळायला मी सुब्बाच्या भिंतीवर एक छोटा पडदा लावून दिला. ऑर्डर आली की तो वाजतो, आणि सुब्बाने त्यावर बोट लावून एकेक पायरी पुढे सरकवायची: पाक मुरत घातला, तळण सुरू, ताटं भरली. मी घरी सोफ्यावर बसून बघू शकतो. (विज्ञानाची झेप पाहा. माणूस उंबऱ्याबाहेर, पण लाडू त्याच्या खिशात.)

आडी सरून आवणी लागल्यावरच्या पहिल्या गुरुवारी यंत्राचा मुहूर्त ठरला, बारा वाजून दहा मिनिटांनी. मी कारखान्यातून रजा काढून अकरालाच हजर. गुरुजी आले. मॉनिटरला चंदन लागलं, कीबोर्डला कुंकू लागलं, माउसखाली लिंबू ठेवून ते चिरडायचा आग्रह झाला, तो मी विनवण्या करून परतवला. कुंकू पंख्यात गेलं आणि यंत्र शिंकून बंद पडलं. ते उघडा, पुसा, फुंका, पुन्हा चालू करा, यात बारा दहा टळून गेले. कनकाबाई म्हणाल्या, हरकत नाहीं, एकपर्यंत वेळ बरीच आहे. मग हारवाला आला. मग कृष्णस्वामी रावांनी मराठीत चार शब्द बोलायचं ठरवलं, ते तीनशे वर्षांचे चार शब्द होते. मी खुर्चीवर बसलो तेव्हा भिंतीवर पाऊण वाजला होता, आणि इंटरनेट मिळेपर्यंत दीड टळून गेला.

निधीचं नाव लिहिलं. प्राणेशचं लिहिलं. दहा सप्टेंबर, लाडू एकशे एक, मुरुक्कू एक्कावन्न, अदिरसम एक्कावन्न. मागे सगळे व्याही उभे. मी बटण दाबलं. पडदा कोरा. पुन्हा दाबलं. कोरा. अक्का, मी मिरजेचा माणूस, राहुकाळ माझ्या रक्तात नाही, तो फक्त माझ्या प्रोग्रॅममध्ये होता, आणि गुरुवारचा राहुकाळ दीड ते तीन असतो हे त्या क्षणी यंत्राला ठाऊक होतं, मला नव्हतं. मागून कृष्णस्वामी राव हळूच म्हणाले, ‘होईल, होईल.’ या शब्दांनी माझ्या अंगाची लाही झाली. मी दाबत राहिलो. हलक्या हाताने दाबलं, जोरात दाबलं, नमस्कार करून दाबलं, निधीकडून दाबून घेतलं. मग कनकाबाईंनी वही उघडली, पेन्सिलीने एक ओळ लिहिली (राहुकाळात शाई चालत नाही, पेन्सिल चालते, हे मला नंतर कळलं), वही मिटली आणि म्हणाल्या, ‘राव, जेवून घ्या.’ ते जेवण मला अजून पचलेलं नाही. अडीचला मी डोकं दुखतं म्हणून घरी आलो.

तीन वाजता राहुकाळ संपला आणि ओसरीवर बसलेली सगळी मंडळी आत आली. शुक्रवारी सकाळी मी सोफ्यावर बसून फोन उघडला तर दहा सप्टेंबरला, एका मुहूर्ताला, एका मांडवात, एका प्राणेशशी माझ्या निधीची त्रेचाळीस लग्नं होती. बापाचं नाव एक, पत्ता एक. यंत्राने एकही अडवलं नव्हतं, कारण जुळ्या. एकही रद्द करता येत नव्हतं, कारण अशुभ. आणि प्रत्येक ओळीपुढे हिरव्या अक्षरांत: पाक मुरत घातला. त्रेचाळीस वेळा. अदिरसमचा पाक लग्नाआधी कित्येक दिवस मुरत घालावा लागतो, हे मला सुब्बानेच शिकवलं होतं. चार हजार तीनशे त्रेचाळीस लाडू, दोन हजार एकशे त्र्याण्णव मुरुक्कू, तितकेच अदिरसम. आणि यातली मेख अशी की विषमाला विषमाने गुणलं की विषमच येतं, म्हणजे शास्त्रात कुठेही खोट नाही.

तू म्हणशील, तू केलंस तूच पूस. पुसलं ना! प्रोग्रॅमच्या मागच्या दाराने शिरून बेचाळीस ओळी पुसल्या. पण चिठ्ठ्या आदल्या दिवशीच छापून आत गेल्या होत्या, आणि खिळ्यावरची चिठ्ठी लग्नाआधी उतरत नाही. त्याच संध्याकाळी मी मैलापूर गाठलं, उंबऱ्याशी उभा राहिलो आणि आत हाक मारून सहज चौकशी केल्यासारखं विचारलं, सुब्बा, निधीच्या लग्नाचं सगळं चाललंय ना? तो आतून पीठ भरल्या हातांनी, एवढाल्या कढईचा आकार हवेत काढून हसला, ‘एल्लाम रेडी, सार! सगळे रेडी!’ तो आकार मी अजून डोळे मिटले की बघतो. दोन हातांत मावत नव्हता.

कनकाबाईंना सांगावं तर कसं? ती मुलाकडची बाजू. ज्या माणसाने त्यांच्या वहीला संग्रहालयाचा पत्ता दिला तो आता जाऊन म्हणणार, बाई, तुमच्या वहीत एक लग्न आहे, माझ्या यंत्रात त्रेचाळीस? आयुष्यभर निधीला ते ऐकावं लागेल, आणि ज्यांची मराठी तीनशे वर्षं टिकते त्यांची आठवण किती टिकत असेल याचा हिशेब तूच कर. तीनदा झोपाळ्यापर्यंत गेलो. तिन्ही वेळा कॉफी पिऊन आलो. हिला सांगितलं तर ती भिंतीकडे तोंड करून इतका वेळ थरथरत होती की मला वाटलं रडते आहे. नंतर कळलं, हसत होती. मी कारखान्यात जातो, पिस्टन मोजतो, ते मला गोल दिसतात. आपल्याकडची अकरा माणसं, म्हणजे दर माणशी तीनशे चौऱ्याण्णव लाडू, वर नऊ उरतात. ते नऊ कोणी खायचे यावरही भांडण होईल. प्राणेशच्या घरी दोन खोल्या आहेत. दहा तारखेनंतर तिथे माणसं राहतील किंवा फराळ राहील. उभं आयुष्य मी लोकांना हसलो, अक्का. एक दिवस सगळं एकदम परत येणार हे माहीत होतं, पण ते साजूक तुपात परत येईल असं वाटलं नव्हतं.

बाकी विशेष काही नाही. प्रकृतीला जप, गुडघ्यांना तिळाचं तेल लाव, आणि सातव्या पायरीवर आलीस की जरा दम खा.

तुझा धाकटा, आणि आता सर्वार्थाने लहान झालेला भाऊ,
दिनकर

ता. क. वर तुला येऊ नकोस असं लिहिलं आहे ते वाचलं नाहीस असं समज. तू ये. दाजींना घेऊन ये. यश, सूनबाई, दाजींचे पाचही बंधू (ज्यांच्याशी मी बोलत नाही तेही), त्यांच्या बायका, मुलं, तुमच्या गल्लीतलं भजनी मंडळ, आणि वाटेत कोणी गोड खाणारं भेटलं तर तेही. प्रत्येकाने दोन मोठे रिकामे डबे आणायचे, झाकण घट्ट बसणारे. टेम्पो सोडून मी बसच ठरवतो आहे.

ता. क. दुसरा. हा दाजींसाठी. दाजी, अडकित्त्याचं मी बोललो ते बोलायला नको होतं. लाडू वाईट होते की नव्हते हा प्रश्नच नाही. तीन दिवस कोणी माझ्यासाठी वळत बसलं होतं, एवढं पुरे होतं. हे सहा वर्षांपूर्वीच लिहायचं होतं, पण तेव्हा माझ्यावर चार हजार तीनशे त्रेचाळीस लाडवांची वेळ आली नव्हती. निधीला तिची आत्या मांडवात हवी आहे. मलाही. शुद्धलेखनाच्या चुका काढून पत्र परत पाठवलंत तरी चालेल, फक्त ते स्वतःच्या हाताने आणून द्या.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवायला घेतलं आणि कनकाबाईंचा फोन. म्हणाल्या, ‘राव, काल सुब्बा हंसत होता, म्हणून विचारतें. तुम्हांस लेक एकच ना?’ मी म्हटलं, एकच. ‘सरी. मग लाडू एकशे एकच. वहींत तसेंच आहे.’ म्हणजे वहीतली ती पेन्सिलीची एक ओळ, आणि पाकही तेवढाच. त्रेचाळीस चिठ्ठ्या छापून आल्या तेव्हा सुब्बाने एक खिळ्याला लावली आणि बाकीच्या बेचाळीस वेलदोड्याच्या पुड्या बांधायला घेतल्या. भिंतीवरचा पडदा कावळ्यासारखा ओरडत होता, म्हणून तो गप्प होईपर्यंत त्यावर बोट मारत राहिला. फोन ठेवताना म्हणाल्या, ‘कंप्यूटर बरा आहे हो. कागद पातळ आहे, पुडी छान बसते.’

तेव्हा आता लाडू एकशे एकच, तेही मुलाकडे जायचे, आणि मी मिरजेच्या अर्ध्या गावाला निमंत्रण लिहून बसलो आहे. पत्र फाडणारच होतो. पण निधीने मागे उभं राहून सगळं वाचलं, पाकीट माझ्या हातातून घेतलं आणि आता चपला घालते आहे. तेव्हा तुम्ही सगळे याच. डबे मात्र भरून आणा. लाडू दाजींच्या भगिनींच्याच हातचे हवेत, आणि त्यांना स्वतःला घेऊन या. पहिला लाडू मी खाईन, मांडवात, सगळ्यांसमोर, आणि तोंडातून चकार शब्द काढणार नाही.

(तो लाडू तोंडात असताना कोणालाच काढता येत नाही.)